एलिहिओचं 'म्हणे'

एलिहिओ रोतेलाने तीस वर्षांत गावात एकही चुकीचा मृत्यू जाहीर केला नव्हता. टपावर दोन कर्णे बांधलेली त्याची गाडी गल्लीबोळांतून सावकाश फिरायची आणि कोण गेलं, प्रार्थना किती वाजता, माती कुठे, ते सांगायची. कुणी येऊन अमका वारला म्हणालं, तरी एलिहिओ आधी त्या घरी जाऊन यायचा. एकदा तर ज्याच्या मरणाचा निरोप आला होता त्या म्हाताऱ्यानेच दार उघडलं आणि विचारलं, "काय रे, तुला फार घाई झालीय का?" ही गोष्ट सांगताना एलिहिओ स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचा.

पुढे पराग्वेच्या त्या कोपऱ्यातही हातोहाती मोबाइल आले आणि मरणं फोनवरून कळू लागली. गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी राहिली ती राहिलीच. त्याच आंब्याखाली मुलीने, निदियाने, एक दिवस त्याच्यासमोर माइक ठेवला.

"पापा, तुम्ही नुसतं बोला. बाकीचं मी बघते."

तो बोलू लागला. भुताखेतांच्या गोष्टी, जुने फुटबॉलचे सामने, कोणाची गाय कोणाच्या मक्यात शिरली ते. आणि झाडपाल्याची औषधं. कारण तेरेरे नावाच्या तिथल्या गार पेयात कसला ना कसला पाला ठेचून घातल्याशिवाय तिथे कुणाची दुपार सरत नाही. दोन वर्षांत त्याचं पॉडकास्ट चाळीस हजार माणसं ऐकू लागली. त्यातली निम्मी तर परदेशात होती, ब्युनॉस आयर्सला भांडी घासणारी, माद्रिदमध्ये दुसऱ्यांचे आईबाप सांभाळणारी. त्यांना त्याच्या आवाजात अंगणाचा वास यायचा. ती त्याला आदराने 'काराई' म्हणायची.

तिथल्या ग्वारानी बोलीत 'न्दाजे' असा एक शब्द आहे. वाक्यात तो आला की ऐकणाऱ्याला कळतं, हे बोलणाऱ्याने पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलेलं आहे. थेट आपलं 'म्हणे'. एलिहिओच्या बोलण्यात तो पावलोपावली यायचा. विहिरीवर पांढऱ्या कपड्यांतली बाई दिसते म्हणे. या मुळीने पोट थंड राहतं म्हणे.

"पापा, ते म्हणे म्हणे जरा कमी करा ना," निदिया एकदा म्हणाली. "माद्रिदहून एक बाई लिहिते, काराईंना स्वतःलाच खात्री नाही वाटतं."

"अगं, मी पाहिलेलं नाही ना ते."

"मग विहिरीवरची बाई कुठे पाहिलीत?"

तो हसला. पुढच्या खेपेला त्याने तो शब्द सहज गाळून पाहिला. वाक्य ठाम झालं, नव्याने पारजलेल्या सुरीसारखं. त्याला ते आवडलं. पुढे स्वतःला इतर बरंच काही त्याने माफ केलं. ते आवडलं होतं, एवढं मात्र माफ करता आलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तो नदीकाठच्या एका झुडपाबद्दल बोलला. पेट्रोल पंपावर एका ट्रकवाल्याकडून ऐकलेलं होतं. "रोज सकाळी हा पाला घ्या. तीन महिन्यांत साखरेच्या गोळ्या फेकून द्याल." निदियाने त्याचा मिनिटभराचा तुकडा कापून वेगळा टाकला. तो तुकडा पार कुठल्या कुठे गेला.

तो तुकडा तीन घरं सोडून राहणाऱ्या सिल्वेरियोकडेही गेला. सिल्वेरियो बेनितेस सुतार होता. निदियाच्या बाप्तिस्म्याला त्याने धर्मपिता म्हणून तिला हातात धरलं होतं, तेव्हापासून दोघे एकमेकांना 'कुंपा' म्हणायचे. सिल्वेरियोने आपल्या मधुमेहाच्या गोळ्या खरोखरच फेकल्या. थंडी सुरू होताना पायात खिळा गेला. जखम भरेना. ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्यातच, शहरातल्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याखालून कापला.

तो घरी आला त्या दिवशी एलिहिओ त्याच्याकडे गेला. सिल्वेरियो व्हरांड्यात बसला होता. विजारीचा मोकळा पाय दुमडून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता.

"ये कुंपा. बस निवांत. आता काही मी तुझ्या मागे धावत नाही."

एलिहिओला हसता येईना. "मला एकदा विचारायचं होतंस. तीन घरं सोडून तर राहतो मी."

"काय विचारायचं? तूच सांगितलं होतंस की." सिल्वेरियोचा आवाज चढलेला नव्हता. "तू म्हणे म्हणाला असतास ना, तर मी हसून सोडून दिलं असतं. तू म्हणाला नाहीस. मला वाटलं, कुंपा जाऊन बघून आलाय. दार वाजवून."

अंगणात कोंबड्या टोच्या मारीत होत्या.

"मी सांगतो सगळ्यांना," एलिहिओ म्हणाला. "चुकलं म्हणून."

"सांग. पण माझं नाव घे. नाहीतर मीही तुझ्या विहिरीवरच्या बाईसारखा होऊन बसेन. कुणीतरी होता, त्याचा पाय गेला म्हणे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आंब्याखाली माइकसमोर बसला. घसा खाकरला.

"एका माणसाने गोळ्या सोडल्या म्हणे..."

निदियाने यंत्र थांबवलं. वर न बघता ती म्हणाली, "पापा."

त्यालाही ऐकू आलं होतं. इतके दिवस हाकलून दिलेला शब्द न बोलावता परत आला होता, आणि आला होता तो त्याला लपवायला. एलिहिओने तोंडावरून हात फिरवला.

"सिल्वेरियो बेनितेस. माझा कुंपा. त्याने गोळ्या सोडल्या, मी सांगितलं म्हणून. मी ते कुणा जाणत्याला विचारलं नव्हतं. त्याचा पाय कापला. हे मी जाऊन बघून आलोय."

सगळं एवढ्यातच संपलं. निदिया रडत होती.

"म्हणे गाळायला मीच सांगितलं होतं."

"तोंड माझं होतं, पोरी."

तिने जुना तुकडा काढून टाकला, म्हणजे स्वतःच्या पानावरचा. लोकांच्या फोनमध्ये तो होताच. माफीचं बोलणं फार कुणी ऐकलं नाही. त्यात ना भूत होतं ना औषध. माद्रिदच्या बाईचा निरोप आला, आईने गोळ्या बंद केल्यात, देव तुमचं भलं करो. त्याने तिला लगेच आपल्या आवाजात उलट निरोप पाठवला. तिने तो ऐकला की नाही ते कळलं नाही. माद्रिदचं दार काही त्याला वाजवता येत नव्हतं.

तेव्हापासून तो रोज सकाळी बाजाराच्या कोपऱ्यावर, देओलिंदा नावाच्या बाईच्या दुकानापुढच्या बाकावर जाऊन बसायचा. देओलिंदा चाळीस वर्षं लाकडी उखळात पाला कुटून विकत होती. प्रत्येकाला ती एकच बजावायची, डॉक्टरची गोळी चालू ठेवायची.

एक दिवस टोपली घेतलेली एक बाई आली. तिने नदीकाठचा तो पाला मागितला.

"गोळ्या चालू आहेत ना?" देओलिंदाने विचारलं.

"छे गं, आईच्या कधीच बंद केल्या. एलिहिओ काराईंनीच सांगितलंय ना."

देओलिंदाने मुसळ खाली ठेवलं आणि बाकाकडे बघितलं.

"एलिहिओ मीच," तो म्हणाला. "ते खोटं होतं, बाई. नंतर मी तसं सांगितलंही."

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग तिला काहीतरी आठवलं.

"हो, हो. तसं काहीतरी बोललात म्हणे."

एलिहिओ उठला. त्याने टोपी डोक्यावर घातली.

"घर कुठंय तुमचं?" त्याने विचारलं.