दहाव्याला कंपनीतून कोण आलं?

मोशी-चाकणच्या पट्ट्यात लाइनवरच्या कुणाच्याही घरचं माणूस गेलं, की दहाव्याला भिमाजी हजर. चाकणच्या एका कारखान्यात तो सुपरवायझर. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणारी लाइन त्याच्या हाताखाली. कामगार बीडकडचा असो की गावातला, भिमाजी मागच्या रांगेत मांडी घालून बसायचाच. ही सवय जुन्या साहेबांनी, श्यामरावांनी लावलेली. ते म्हणायचे, "लग्नाला नाही गेलं तर चालतं, भिमाजी. दहाव्याला जायचंच." असा साहेब असला की माणूस ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही. भिमाजीनेही कधी म्हटलं नव्हतं.

श्यामराव निवृत्त झाले आणि ज्ञानेश आला. पस्तिशीचा, चिंचवडला सोसायटीत राहणारा, बोलायला गोड पण मोजूनमापून. हजेरी मोबाइलवर, रजा मोबाइलवर, वाढदिवसाच्या शुभेच्छाही मोबाइलवरच. भिमाजीचं त्याच्याशी वाकडं नव्हतं, पण मनही बसत नव्हतं.

अशात भिमाजीची आई, मंजुळाबाई, गेली. ज्ञानेशचा मेसेज आला, हात जोडलेल्या चित्रासकट. भिमाजीने फोन पालथा ठेवला आणि बायकोला म्हणाला, "साधना, दहाव्याला ह्यो साहेब आला तर ठीक. न्हाई आला तर सुतक फिटलं की राजीनामा देतो. खोल्यांच्या भाड्यावर भागंल आपलं."

"तुमचं तुमी बघा," साधना म्हणाली. त्याचा हट्ट तिला माहीत होता.

दहाव्याला इंद्रायणीचा घाट भरला. पुढाऱ्यांची रीघ लागली. ज्यांनी मंजुळाबाईला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांनीही माइक धरून तिची माउली केली. मतं काय, घाटावरही मिळतात. मग पुकारा झाला, "कंपनीच्या वतीने कोण बोलणार?" कुणीच उठलं नाही. भावकीतला एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एवढी वर्सं राबला, अन् साहेब न्हाई व्हय आला?" भिमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मान वळवली तर मागे त्याची अख्खी लाइन, कंपनीच्या निळ्या शर्टात. आज तर यांची फर्स्ट शिफ्ट! भिमाजी तशा दुःखातही लाइनवरच्या उत्कर्षाजवळ जाऊन करवादला, "लाइन बंद पाडून आलात? पगार कापतील की!" ती काही सांगणार, तोच गुरुजींनी त्याला पिंडांपाशी बोलावलं.

तेरावं झाल्यावर भिमाजी कामावर गेला तो राजीनामा द्यायचाच म्हणून. केबिनकडे जाताना लाइनपाशी थबकला. लाल क्रेटची चळत लागली होती, आणि लाल क्रेट म्हणजे नापास माल.

"ह्यो माल काढला कुणी?"

"साहेबांनी, काका!" उत्कर्षाला हसू आवरेना. "आजींच्या दहाव्याला आम्हाला सगळ्यांना बसमध्ये बसवून दिलं. म्हणाले, 'आज भिमाजींजवळ तुम्ही हवेत, मशीनवर मी उभा राहतो.' ऑफिसातले सगळे खाली आणले, अकाउंटवालेसुद्धा."

भिमाजीने एक बिजागरी उचलून पाहिली. इतकं भिकार काम त्याच्या लाइनवर कधी झालं नव्हतं. त्याला भडभडून आलं. आईला पोचवल्यापासून जे कोरडे राहिले होते ते डोळे आता, भर शिफ्टमध्ये, वाहायला लागले. आजूबाजूला सगळी आपलीच माणसं, म्हणून त्याने पुसलेही नाहीत.

केबिनमध्ये ज्ञानेश त्याला पाहून उभाच राहिला. "भिमाजीराव, मला यायचं होतं हो. पण माल त्याच दिवशी जायचा होता. मी आलो असतो तर तुमच्या लाइनला थांबावं लागलं असतं."

"बरं केलं, साहेब," भिमाजी म्हणाला. "पन माल लई वंगाळ काढलाय तुमी."

दुपारी साधनाचा फोन आला. "दिला का राजीनामा?"

"न्हाई. आज यायला उशीर हुईल," भिमाजी हातातली बिजागरी घासत म्हणाला. "आपल्या साहेबांनी घाण करून ठेवलीय, ती निस्तरतोय."