शेवटच्या दोन ओळी

मला सगळे आक्का म्हणतात. मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते आणि माझ्या तोंडाला सगळी पेठ भीत होती. पण ही गोष्ट माझी नाही, हंबीररावांची आहे. नाव हंबीरराव, आणि माणूस असा की वाटेत मांजर आलं तर स्वतः बाजूला उभा राहून आधी त्याला जाऊ देईल.

हंबीरराव कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देत. कुणाचं सातबाऱ्यावर नाव चढत नाही, कुणाचं रेशनकार्ड हरवलंय, कुणा म्हातारीची पेन्शन अडलीय. माणूस येऊन उभ्या उभ्या गाऱ्हाणं सांगायचा, निम्मं विसरायचा, आणि हंबीरराव ते नीट ओळीत बसवून द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. बायको चिमणाबाई एकोणनव्वद साली गेली, मूलबाळ नव्हतं. शुक्रवार पेठेत एक खोली, एक स्टोव्ह, भिंतीला एक कॅलेंडर. दिवसभर जगाचं ऐकायचं आणि संध्याकाळी कुलूप काढून आत गेलं की "आलासा का?" म्हणायलाही कुणी नाही. मी एकदा विचारलं, "करमतं का हो तुम्हाला?" तर म्हणाले, "न करमून सांगायचं कुणाला, आक्का?"

आमचं वाचनालय दर जानेवारीत मुलांची काव्यस्पर्धा भरवायचं. पहिल्याच वर्षी, म्हणजे एक्क्याण्णवला, बोंबाबोंब झाली. परीक्षकांनी म्हणे भाचीचं अक्षर ओळखलं आणि पहिला नंबर तिलाच दिला. आता हे कोल्हापूर. लगेच दोन गट पडले, खुर्च्या उचलण्यापर्यंत मजल गेली. लहान पोरांच्या फुलपाखरांच्या कवितांवरून मोठी माणसं शर्टाच्या बाह्या सरसावून उभी! तेव्हा कमिटीनं ठरवलं की पुढच्या वर्षीपासून नावाचा कागद वेगळ्या बंद पाकिटात, कवितेवर नुसता नंबर, आणि सगळ्या कविता एकाच हाताच्या अक्षरात उतरवून मगच परीक्षकांकडं द्यायच्या. उतरवून झाले की मुलांचे मूळ कागद माझ्या कपाटात कुलपात. उतरवायचं काम हंबीररावांना मिळालं.

मिळालं म्हणते, पण त्याचा एक पैसा ते घेत नसत. जानेवारीचे ते आठ दिवस म्हणजे त्यांची दिवाळी. रविवारी दुपारी येऊन माझ्याकडून गठ्ठा न्यायचे, नवीन शाईची बाटली आणायचे, आणि रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन मला मुलांच्या बातम्या सांगायचे. नाव कुणाचंच माहीत नाही, नुसते नंबर. "आक्का, सतरा नंबर बापावर रुसलंय बघा." "बेचाळीस नंबरला पोहायला लई आवडतंय, पण पाण्याला भितंय." घरातल्या पोरांबद्दल बोलावं तसं बोलायचे. मी म्हणायची, "हंबीरराव, एवढी लेकरं सांभाळताय, जेवायला काय घालता?" ते हसायचे. वर्षाकाठी तेवढंच हसताना मी त्यांना पाहिलं. बक्षीस समारंभाला इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि स्टेजवर चढणाऱ्या प्रत्येक पोराकडं बघून हा कोणता नंबर असेल ते मनाशी ताडत बसायचे.

अठ्ठ्याण्णव साली तीनशेच्या वर कविता आल्या. त्यात एक्क्याऐंशी नंबरची एक होती, वहीच्या फाडलेल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली. ती मला अजून पाठ आहे.

आई पैंजणांना घुंगरू लावते
दिवसाला चाळीस जोड
एकेक कानाशी धरून वाजवते
मग डब्यात ठेवते
आईचे पाय गप्प आहेत

परीक्षक कॉलेजातले प्राध्यापक होते. त्यांनी हिलाच पहिला नंबर दिला. पाकीट फोडलं तर आत नाव निघालं संघप्रिया कांबळे, इयत्ता सहावी, हुपरी. जन्म जून शहाऐंशी.

आमच्याकडं रीत अशी की पहिल्या नंबराच्या मुलानं आपली कविता स्टेजवर तोंडपाठ म्हणायची. संघप्रिया आईबरोबर हुपरीच्या एस.टी.नं आली होती. दोन वेण्या, शाळेचाच गणवेश, पण कडक धुतलेला. आई अंजनाबाई पहिल्या रांगेत पदर सावरून बसलेली. पोरीनं माइक हातानं खाली ओढला आणि खणखणीत आवाजात कविता म्हटली. "आईचे पाय गप्प आहेत" म्हणून थांबली आणि हात जोडले.

टाळ्या पडायच्या आत परीक्षक म्हणाले, "पुढं, बाळ?"

"संपली."

"शेवटच्या दोन ओळी विसरलीस. अगं, त्या दोन ओळींवरच तर नंबर दिलाय मी." आणि त्यांनी हातातल्या कागदावरून वाचलं, "देवा, एक जोड दे तिच्या पायाला, एवढी माझी विनंती ऐक."

पोरीनं माइक पुन्हा खाली ओढला. मग म्हणाली, "ह्या माझ्या न्हाईत."

"तुझ्या कवितेतच आहेत की."

"न्हाईत. आम्ही देवाकडं मागत न्हाय. आणि माझी आई तर कुणाकडंच मागत न्हाय."

मग मागून कुणीतरी, नेहमी असतंच असं एखादं, उचलली जीभ लावली टाळ्याला, "मग लिहून दिली कुणी हिला?" झालं. कुजबुज सुरू झाली. प्राध्यापक माणूस चांगला होता, पण तोही गोंधळला. म्हणाला, स्वतःची कविता जिला ठाऊक नाही तिला पहिला नंबर कसा द्यायचा? कमिटीनं तिथंच आपसात खलबत केलं आणि तिला उत्तेजनार्थ जाहीर करून टाकलं. पोरीनं ते हातात घेतलं नाही. अंजनाबाई उठल्या, लेकीचं मनगट धरलं आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेल्या.

मी दारातच उभी होते. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती, कपाट दहा पावलांवर. मूळ कागद काढून सगळ्यांपुढं धरायला किती वेळ लागला असता? पण मी हलले नाही, कारण मलाही तेच वाटलं होतं जे त्या मागच्या माणसाला वाटलं. हुपरीच्या कांबळ्यांच्या पोरीला मास्तरानं नाहीतर कुणीतरी लिहून दिली असणार. सांगताना आजही लाज वाटते. जगाला शहाणपण शिकवणारी मी, माझ्या मनात हे होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कपाट आवरायला घेतलं तेव्हा एक्क्याऐंशी नंबरचा कागद हाताला लागला. पेन्सिलीच्या पाच ओळी. खाली कोरं पान.

वाचनालयाला कुलूप घालून मी तडक कचेरीवर गेले. हंबीरराव कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. मी तो कागद टेबलावर आपटला आणि भर रस्त्यात तोंड सोडलं. "हे काय करून ठेवलंसा? त्या पोरीला चोर ठरवलंसा! तिसऱ्या रांगेत बसला होतासा की! तोंडात काय मूग धरलं होतं?"

त्यांनी अर्जदाराला "पावणं, जरा चहा घेऊन या" म्हणून लांब पाठवलं. मग खाली बघत बोलले, "शेवट न्हवता तिला, आक्का. मला वाटलं, पोरगी लिहिता लिहिता उठून गेली. एवढं सगळं सांगितलंय आणि मागितलं कायच न्हाय. असा अर्ज सायेब बाजूला टाकतोय. तीस वर्षं झाली, माणसं रडतात आणि काय पायजे ते सांगायचंच विसरतात. मग मी खाली घालतो, तरी मेहरबान सायबांनी विनंतीचा विचार करावा. त्याबिगर कागद पुरा हुईत न्हाय. हात आपसूक गेला बघा."

"आणि काल?"

"काल मला वाटलं, बोललो तर पुढच्या वर्षी तुम्ही पोरं देणार न्हाईसा."

पोरं म्हणाले ते. कविता नाही म्हणाले. माझा राग निम्मा तिथंच गळाला, पण मी तो उरलेला धरून ठेवला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, हे मला समजत होतं. पण पोरीची अब्रू गेली होती त्याचं काय?

त्यांनी त्याच दिवशी आपल्या हातानं कमिटीला लिहून दिलं. ओळी मी घातल्या, मुलीचा दोष नाही. कमिटीनं निकाल बदलला, पण कसा? नोटीस बोर्डावर चार ओळींचं निवेदन, आणि प्रशस्तिपत्र, पुस्तकं रजिस्टर पोस्टानं. पुन्हा स्टेज घाला, पुन्हा टाळ्या वाजवा, असं मी बैठकीत ओरडून सांगितलं. "आक्का, झालं ते झालं," म्हणाले. चुकीची माफी कोपऱ्यात चिकटवायची आणि अपमान मात्र माइकवरून करायचा, हे आम्हाला बरोबर जमतं.

हंबीरराव पुढच्या रविवारी हुपरीला गेले. परत आल्यावर सरळ माझ्याकडं आले आणि स्टुलावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून राहिले. म्हणाले, "आई पैंजणं करत हुती. मी सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं, चहा दिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"आणि पोरगी?"

"पोरगी म्हणाली, मग त्या दिवशी का बोलला न्हाईसा?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" मग म्हणाले, "मी तिला इचारलं, पुढल्या वर्षी कविता पाठवशील न्हवं? तर उठून आत गेली ती. आक्का, तिनं लिहायचं सोडलं तर ते माझ्या डोक्यावर."

पुढच्या वर्षीपासून कविता कॉम्प्युटरवर टाइप व्हायला लागल्या. कमिटीनं हंबीररावांना साधा निरोपही दिला नाही. गठ्ठा न्यायला ते ठरलेल्या रविवारी शाईची नवी बाटली घेऊन आले, आणि ते मला सांगावं लागलं. त्यांनी "व्हय, बरोबर हाय" म्हटलं आणि बाटली खिशात घातली. मग विचारलं, "हुपरीचं काय आलंय का?"

पाकिटांवरचे पोस्टाचे शिक्के आम्ही दोघांनी मिळून बघितले. राधानगरीचं होतं, कुरुंदवाडची तर सात होती. हुपरीचं एकही नव्हतं.

नव्याण्णव, दोन हजार, दोन हजार एक. दर जानेवारीत ते यायचे. बाकी वर्षभर फिरकायचे नाहीत, कारण सांगायला मुलांच्या बातम्याच राहिल्या नव्हत्या. टेबलाच्या त्या टोकाला बसायचे, मी शिक्के बघायची आणि मान हलवायची. एका वर्षी हुपरीचं एक पाकीट आलं. मी एवढ्या मोठ्यानं हाक मारली की वाचकांनी पेपर खाली केले. पण अक्षर गोल गोल होतं, दुसऱ्याच कुणाचं. मी म्हटलं, "अहो, मोठी झाली असेल, अभ्यास असेल, कार्ट्यांना हल्ली वेळ कुठं असतो?" ते म्हणाले, "तसंच असंल." मी बोलले त्यावर माझा विश्वास नव्हता आणि त्यांचाही नव्हता.

दोन हजार दोनच्या जानेवारीत ते आले तेव्हा खूप वाळले होते. कॉलर मानेभोवती सैल झालेली. त्या वर्षी मी शिक्के दोनदा तपासले.

"न्हाय," मी म्हटलं.

"जूनमधी तिला सोळा पुरी हुत्यात," ते म्हणाले. "आपल्या स्पर्धेला सोळाच्या आतलीच पोरं चालतात. म्हणजे आता संपलं."

"मोठ्यांच्या स्पर्धा असतात की हो! गावात ढीगभर आहेत."

"असतात," ते उठत म्हणाले. "पण तिथवर जायला पोरगी लिहीत ऱ्हायली पायजे की."

दारापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. येतो म्हणाले नाहीत. पुढच्या जानेवारीत आले नाहीत. त्यांच्या गल्लीतला एकजण सांगत होता की कचेरीवर अजून बसतात, अर्ज लिहितात, कुणाशी बोलत नाहीत. मी दोनदा जायचं ठरवलं आणि गेले नाही. जाऊन सांगायचं काय, हे मला सुचत नव्हतं.

निवृत्त झाले तरी स्पर्धेचं टपाल आलं की शिक्के बघायला जाते, हल्ली एकटीच. आधी हुपरीचा शोधते, मग बाकीचे. वयाची अट माझ्याच हातानं छापून घेतलेली आहे. ती पोरगी आता या गठ्ठ्यात यायची नाही, हे मला कळत नाही असं नाही.