आईला विचारून

माझी मोठी बहीण माहेरी बाळंत झाली तेव्हा मी वर्ध्याला होस्टेलमध्ये राहून बीए करत होते. आमचा बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, कारंज्याच्या बाजूला, गावाच्या शिवेवर. बाळ जन्मलं ते आमच्यात कुणाचाच नसेल इतक्या उजळ रंगाचं. दृष्ट लागू नये म्हणून आई त्याला पदराखालून बाहेर काढत नसे.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा बहीण त्याला डोस द्यायला एकटीच निघाली. हायवेच्या फाट्यावर ऑटोची वाट पाहत बसली होती. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीबद्दलचे मेसेज सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. कुणीतरी तिच्याकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"काऊन वं, हे लेकरू कोणाचं हाये?"

"माझंच."

"तुयं? खरं सांग, कुठून आणलं?"

माणसं जमली. एकानं बाळ तिच्याकडून ओढून घेतलं. एक बाई म्हणाली, "दूध पाजून दाखव, मंग मानू." बाळ परत हातात दिल्यावर भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर, बहिणीनं त्याला अंगाशी घेऊन पाजलं. आमच्या गावची आशा वर्कर तिथून चालली होती. तिनं ओळख पटवली, तेव्हा कुठे माणसं पांगली.

त्यानंतर बहिणीचं दूध आटलं. बाळ रडलं की ती तोंड फिरवून बसे. जेवण गेलं, झोप गेली. बेड्यावर सगळे म्हणाले, देवीचा कोप आहे. मी आईला म्हटलं, "देवीचं तू कर, दवाखान्याचं मी पाहते." आईनं मला अडवलं नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात बाळ माझ्या मांडीवर होतं आणि बहीण भिंतीला टेकून बसली होती. मनाच्या आजारांच्या डॉक्टर तरुण होत्या. केसपेपर लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "बाळ कोणाचं?"

बहीण ताडकन उठली आणि बाहेर निघून गेली.

मी डॉक्टरांना फाट्यावरचं सगळं सांगितलं. आमची जातही सांगितली. होस्टेलमध्ये मी ती कुणाला सांगत नसे, पण ती सोडून बहिणीचं दुखणं सांगताच येत नव्हतं.

डॉक्टर लिहिणं टाकून बाहेर आल्या, बाळाला घेऊन मीही मागोमाग. बहीण आवारातल्या कडुलिंबाखाली बसली होती. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाळाला मी घेऊ का?"

मराठी कळत नसल्यासारखं बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या बोलीत सांगितलं, "त्या तुला विचारतायत. तू हो म्हणालीस तरच घेतील."

तिनं मान हलवली. डॉक्टरांनी बाळ उचललं तशी ती पटकन मराठीत म्हणाली, "मानेखाली हात धरा." आणि रडायला लागली. फाट्यावर ती रडली नव्हती, घरी आल्यावरही नाही.

गोळ्या सुरू झाल्या. बहीण अजून आमच्या बोलीतच बोलायची, म्हणून मी दोघींच्या मध्ये बसून एकीचं बोलणं दुसरीला सांगत असे. एकदा बहीण म्हणाली, "त्याला पाहिलं की त्या लोकांचे हात दिसतात." हे मराठीत सांगताना मीच 'हात' या शब्दाशी थांबले. डॉक्टरांनी मला पाणी दिलं, आणि बहीण माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. पुढे पुढे ती स्वतःच मराठीत बोलू लागली. मी बाहेर बाकावर बसून राहायचे.

दूध काही परत आलं नाही. बाळ वरच्या दुधावर वाढलं, त्याचं तिला अजून वाईट वाटतं. कधीकधी सकाळी म्हणते, "आज जीव जड आहे." त्या दिवशी सासरी तिची जाऊ पोराला सांभाळते. देवीचा कोप म्हणायचं आता सगळ्यांनी सोडलं आहे.

गेल्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले तेव्हा भाच्याला आंघोळ घालायला बसले. तो किंचाळला तशी बहीण आतून ओरडली, "पाणी किती गरम केलंस गं? सरक, तुला नाही जमायचं."

पदर खोचून ती माझ्या जागी बसली आणि त्याच्या पाठीला साबण लावू लागली. मी टॉवेल घेऊन उभी राहिले.