विहिरीकडची खोली

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची ती दोन वर्षं आठवली की अजून नाकात घावनाचा वास येतो. नागावला आमच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. त्यातली विहिरीकडची मी अभ्यासाला घ्यायचे. पण शनिवार उजाडला, की आई माझी पुस्तकं, लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात आणून ठेवायची. "पाहुणे येतायत, ऊठ." मी धुसफुसत उठायचे. फोडणीचा ठसका खात कोड लिहायचा म्हणजे काय सुख!

शेवटच्या वर्षी कॉलेजात कंपन्या आल्या आणि पहिल्याच मुलाखतीत माझी दांडी गुल. सूत्रं तोंडपाठ होती, पण "हे आमच्या धंद्यात कशाला लागेल?" असं विचारल्यावर तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन मी रडले. नोकरी नाही लागली तर या शिक्षणाचं करायचं काय?

आईने ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारपासून नवाच उद्योग आरंभला. न्याहारीला बसलेल्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना गरम घावन वाढायचं आणि म्हणायचं, "हिला जरा विचारा कायतरी. नोकरीची तयारी चाललीय हिची." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बिचारे सुट्टीवर आलेले लोक, पण विचारायचे.

एक बाई म्हणाल्या, "मला नको, आईंना समजाव, तू काय शिकतेस ते."

मी आईकडे वळले. "येत्या शनिवारी किती पाहुणे येतील?"

"देवाला ठाव."

"देवाच्या खालोखाल आम्हाला. मागचे शनिवार बघून आम्ही अंदाज सांगतो. आणि तो कितपत चुकू शकतो, तेही सांगतो."

"चुकेल म्हणून आधीच सांगायचं, आणि वर पगार घ्यायचा?"

त्या बाई हसून हसून बेजार झाल्या. पुढच्या मुलाखतीत मी हेच सांगितलं, आईच्या प्रश्नासकट. नोकरी लागली, हैदराबादला. आईने आळीभर नारळाच्या वड्या वाटल्या.

परवा न कळवता घरी गेले. शनिवार होता, त्यात सुट्ट्यांचा हंगाम. ओटीवर आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, "दोनच खोल्या हायत हो. तिसरी भरलेली हाय." मी मागे जाऊन पाहिलं, तर विहिरीकडची खोली रिकामी. धुतलेली चादर, पुसलेलं टेबल.

"आई, इथे कोण येणार होतं?"

"तू."

"मी कुठे कळवलं होतं?"

"न्हाय कळवलंस. दर शनिवारी मी आपला अंदाज करते." तिने उशी सारखी केली. "चुकतो कधी कधी."

आकड्यांवर पोट भरते मी, पण नोकरी लागल्यापासून किती शनिवार तिचा अंदाज चुकला, ते मोजायची माझी छाती झाली नाही.