बुडाला नाव नसलेली भांडी

अर्लीन पिटमनच्या हातची तळलेली कोंबडी खाऊन उठलेला माणूस तिच्याबद्दल वाईट बोलत नसे. निदान कोपऱ्यावरचं किराण्याचं दुकान येईपर्यंत तरी. अलाबामातल्या पाइन फोर्कमध्ये तिची खानावळ होती, वर भाड्याच्या चार खोल्या, आणि बाप्टिस्ट चर्चच्या स्वयंपाकघरात तिचाच शब्द शेवटचा. पाळकसुद्धा तिथं विचारून चमचा उचलायचा. नवरा हॉइट लाकूडगिरणीत कामाला. भुशानं त्याची छाती पार पोखरली होती.

१९४८ सालच्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणाऱ्या एका चिमुकल्या पक्षाची माणसं प्रचाराला आली. निवडून यायची आशा त्यांनाही नसावी. पण गिरणीकामगारांची संघटना हवी, छाती गेलेल्याला भरपाई हवी, असं ती माणसं बोलायची. हॉइटला ते पटलं, म्हणून अर्लीननं त्यांना जेवायला बोलावलं. पाच जण आले. त्यांतले दोघे काळे.

गावाचं म्हणणं एवढंच, की त्या दोघांना मागच्या पायरीवर ताट द्यायचं. अर्लीननं सगळ्यांना एका टेबलावर बसवलं. का, ते तिनं कधी धड सांगितलं नाही. जागा होती, म्हणायची. नुसतं भाषण असतं तर गावानं चार अंडी फेकून विषय संपवला असता. टेबल कोण विसरणार? न्हाव्याच्या दुकानात बातमी पोचेपर्यंत पाचाचे बारा झाले होते आणि अर्लीन त्यांच्यात बसून खिदळत होती म्हणे. हसली मात्र ती खरंच होती.

खोल्या रिकाम्या झाल्या. चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली काढून घेतली गेली. आणि ऑक्टोबरात हॉइट गेला.

आता अर्लीनला एकच हवं होतं: हॉइटची शवपेटी चर्चच्या माणसांनी उचलावी. ती पाळकाकडे, ब्रदर लॉनीकडे गेली. प्रार्थनेला तो तयार होता.

"पण माणसांचं कठीण आहे, अर्लीनबाई. ज्याला विचारावं त्याची पाठ धरलीय."

"सगळ्यांची?"

"हवा दमट आहे ना," ब्रदर लॉनी म्हणाला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

पेटी शेवटी भाड्याच्या माणसांनी उचलली. त्यातल्या एकाच्या गालात तंबाखू होती.

आमच्याकडे घरात मरण आलं की शेजारीपाजारी झाकलेली भांडी घेऊन येतात. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर आपलं नाव. घरच्यांनी ती धुऊन ज्याची त्याला नेऊन द्यायची आणि दारात उभं राहून घटकाभर बोलायचं. दुःख तिथं जरा हलकं होतं. दफनाहून अर्लीन परतली तर त्याच मागच्या पायरीवर भांड्यांची रांग: कोंबडी-भात, रताळी, दुधातला मका. बुडाला नाव एकाच्याही नाही. पट्टी खरवडल्याच्या खुणा तेवढ्या होत्या.

पुण्यही मिळेल आणि नावही झाकलेलं राहील, असा बायकांचा हिशेब. पण चर्चमध्ये हीच भांडी जिनं वर्षानुवर्षं विसळली, तिच्यापासून काय लपणार? तिनं ती घासली, प्रत्येकाला नवी पट्टी लावून ठसठशीत नाव लिहिलं आणि पुढच्या ओसरीच्या कठड्यावर मांडली, बुडं रस्त्याकडे करून. ज्याचं त्यानं दिवसाढवळ्या यावं, घेऊन जावं.

पुरुष टोपी नीट करायच्या मिषानं वाचून जायचे. बायका लांबच्या वाटेनं चर्चला जाऊ लागल्या. अखेर शेजारची वेल्मा आली, अर्लीनची बालमैत्रीण.

"काढ ना गं ते. गावात तमाशा झालाय."

"तुझं निळ्या काठाचं घे. आत ये, कॉफी टाकते."

वेल्मानं रस्त्याकडे पाहिलं. किराणावाल्याची गाडी हळू झाली होती.

"ते माझं नाहीच मुळी."

"तुझ्या लग्नात मीच दिलंय, वेल्मा."

"दुसरं असेल. तसली ढिगानं मिळतात," वेल्मा म्हणाली, जरा मोठ्यानंच, आणि गाडीवाल्याकडे बघून हात हलवला.

अर्लीन आत गेली आणि जाळीचं दार तिनं आतून लावून घेतलं.

वसंतात ती घर विकून बर्मिंगहॅमला बहिणीकडे गेली, भांडी तिथंच. नवी मालकीण परगावची. तिनं पट्ट्या काढून टाकल्या, भांडी फडताळात लावली आणि ओळख व्हावी म्हणून शेजारणींना जेवायला बोलावलं. निळ्या काठाच्या भांड्यातून तिनं वेल्माला रताळी वाढली. वेल्मानं दोनदा घेतली.