पेटीतली झबली

मी मुळातच तापट. त्यात ही हकीकत सांगायची म्हटलं की आजही शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात, तेव्हा सांभाळून घ्या. बुलढाण्याच्या एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवते. खाल्लेल्या भाकरीची साखर होते, ती पेशीत जळते, त्यातून जीव चालतो, हे सगळं मी फळ्यावर बाण काढून सांगते. दुपारचा तास असला की पोरं डुलक्या काढतात. एखादा जागा असला तर विचारतो, "मॅडम, हे परीक्षेले येते का?" मग माझं डोकं फिरतं.

माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला अमडापूरला आईकडे आली होती. मुलगा झाला. रडायचा तर अख्ख्या गल्लीला कळायचं, असा ठणठणीत. आईला कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं. पण घरी आणल्यावर पोरगं पिवळं पडायला लागलं, दूध ओढेना, नुसतं झोपून राहू लागलं. त्याला बुलढाण्याला लहान मुलांच्या दवाखान्यात आणलं आणि निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, नव्या बाळांना कावीळ होतेच, उतरेल. ती उतरली नाही, उलट चढत गेली.

त्या दिवशी मी तास संपवून तशीच दवाखान्यात गेले. बहीण भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या तोंडावर रंग नव्हता. संध्याकाळच्या तपासणीत काविळीचा आकडा आणखी चढला तर बाळाचं सगळं रक्त बदलावं लागेल आणि त्यासाठी संभाजीनगरला न्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उशीर झाला तर कावीळ मेंदूत उतरते. तिच्या नवऱ्याने गाडी सांगून ठेवली होती. मला इतकी भीती वाटली की मी उगाच नर्सवर ओरडले.

तेवढ्यात दूध पाजायला बाळाला दिव्याखालून काढलं. आईने त्याला झबलं घातलं, टोपडं बांधलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मी त्याच्या टाळूशी नाक नेलं. लहान बाळाला दुधाचा वास येतो. याला कपाटाचा वास येत होता.

"आई, हे कपडे कुठले?"

"तुहेच तं हायेत. पेटीत ठेवले होते म्या."

आमच्या घरची रीत अशी की नव्या जिवाला नवं कापड लावायचं नाही. घरात वाढलेल्या, धडधाकट लेकराचं जुनं झबलं आधी घालायचं, म्हणजे त्याचं आयुष्य याला लागतं. आईने माझी झबली लोखंडी पेटीत जपून ठेवली होती, डांबर गोळ्या टाकून.

"मग धुतले काऊन नाही?"

"धुतले तं तुहा गुण निघून जाईन ना बाई. उन्हात टाकले होते."

रोज तेलाने मालिश करायची आणि वर ते झबलं चढवायचं. तेलकट कातडीतून डांबर गोळीतलं विष आणखी सोपं आत शिरतं. मी बाळ बहिणीच्या मांडीवर दिलं आणि झबलं, टोपडं, दुपटं सगळं ओढून काढलं. आई म्हणाली, "अवं, येडी झाली का? थंडी वाजन त्याले." मी ऐकायला जागेवर होते कुठे! माझ्या डोक्यात फळ्यावरचे बाण पळत होते.

कारण गोष्ट अशी आहे. रक्तातली तांबडी पेशी फार गरीब. तिचा सगळा संसार साखरेवर. बरीचशी साखर ती ताकदीसाठी जाळते, आणि थोडी एका आडवाटेला लावते. त्या आडवाटेवर तिची राखण तयार होते. बाहेरून विषारी काही आलं तर ही राखण पेशीला फुटू देत नाही. त्या वाटेच्या तोंडाशी एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. काही घराण्यांत ते जन्मतःच अशक्त. एरवी कळतही नाही, माणूस जन्मभर शेत कसतो. पण डांबर गोळी किंवा हिवतापाची वगैरे काही औषधं पोटात, अंगात गेली की पेशी पटापट फुटतात आणि त्यातून पिवळं निघतं. मोठ्या माणसाचं यकृत ते कसंतरी निपटतं. कोवळ्या बाळाचं कसं निपटणार?

पण डांबर गोळ्या तर घरोघरी असतात. आमच्याच बाळाला का? मी विचार करत होते आणि आई आपल्याच नादात डोळे पुसत म्हणाली, "म्या आजपासून गोड सोडलं. माह्या मायनं तुह्या मामासाठी सोडलं होतं, तसंच."

"मामाला काय झालं होतं?"

"लहानपणी हिवताप आला होता. गोळ्या देल्ल्या अन् लघवी लाल झाली, अंग पिवळं पडलं. कोनी म्हने करनी केली. मायनं देवाजवळ गोड सोडलं अन् वाचला तो. मरेपर्यंत गुळाचा खडा तोंडात नाही घातला तिनं."

खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. बाळ समोर पिवळंधमक पडलेलं आणि मला आनंद झाला, इतका की मी जिना धडधडत उतरून डॉक्टरांच्या खोलीत न विचारता घुसले. पेशंट बसलेले होते. मी झबलं त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "वास घ्या." त्या भल्या माणसाने खरंच घेतला. मामाची हकीकत ऐकताना त्यांनी पेन खाली ठेवलं. लगेच त्या विकराच्या तपासणीसाठी बाळाचं रक्त पाठवलं, दिवे वाढवले, बाळाला पुसून दवाखान्याच्या कापडात घेतलं.

संध्याकाळचा आकडा आला. चढला नव्हता. सकाळचा त्याहून खाली होता. बहीण इतकी रडली की दूध पाजताना पोराच्या डोक्यावर थेंब पडत होते. गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. पुढे विकराचा अहवालही आला, कमीच होतं.

आई मात्र "म्याच घातलं ते झबलं," एवढंच म्हणायची. वर तिने विचारलं, "हे लेकरात आलं कुठून?" मी खोटं बोलू शकले असते. पण तिने सरळ विचारलं होतं, म्हणून सरळ सांगितलं, की हे आईकडून मुलाकडे येतं. आजीकडून मामाकडे आलं, तुझ्याकडून धाकटीकडे, तिच्याकडून याच्याकडे. यात कुणाचा गुन्हा नाही. ती मान डोलावून म्हणाली, "हाव," आणि चहा परत बिनसाखरेचा घेतला. मला तिचा रागही आला आणि कीवही.

बारशाला घर भरलं होतं. आई दारात उभी राहून आलेल्या प्रत्येक कपड्याचा वास घेत होती. एका काकूंना राग आला, तरी तिने त्यांचं अंगडं दोनदा हुंगलं. बाळ गुटगुटीत झालं होतं आणि पाळण्यात पाय झाडत होतं. जेवणात बुंदी होती. आईने सगळ्यांना वाढली, स्वतःच्या ताटात घेतली नाही.

मामा शेजारी बसला होता. म्हातारा झालाय, पण अजून बैलगाडी हाकतो. मी त्याला सगळं समजावून सांगितलं होतं. त्याने आईच्या ताटाकडे पाहिलं.

"माय माह्यापायी जलमभर गोडाले तरसली," तो म्हणाला. "करनी नोहती, बाई. हिवतापाच्या गोळ्या होत्या. तिले सांगाले कोनी नोहतं. तुले तं तुह्या पोरीनं सांगतलं ना?"

त्याने आपल्या ताटातली मूठभर बुंदी तिच्या हातावर ठेवली आणि हात धरून ठेवला. आईने त्या बुंदीकडे पाहिलं. मग तिने घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाक कमी झाला वं."