पिकअपचे पुढचे गिअर आणि चाचाजी

गॅरेजमध्ये जुने नट-बोल्ट डब्यात साठत जातात ना, तसेच किस्से. फेकवतही नाहीत! बाकीचे राहू द्या, एका पिकअपचे पुढचे गिअर बदलले, तेवढ्यातलेच सांगतो.

मी कराडचा. फौजेत मेकॅनिक होतो. चंडीमंदिरच्या छावणीतून पेन्शनीत निघालो आणि चंदीगडच्या एका दवाखान्याच्या गॅरेजला लागलो. तिथले उस्ताद गुरबचनसिंग, आमचे चाचाजी; कितीतरी पोरं त्यांच्या हाताखाली शिकून गेलेली. साठीचे सरदारजी, रोज खरडच्या पलीकडच्या गावातून बसने यायचे. पंजाब तेव्हा दहशतवादाने पेटलेला. सकाळी निघालेला माणूस घरी पोचेलच याची खात्री नसायची.

*

पिकअप फोर-व्हील, म्हणजे इंजिनाचा जोर हवा तेव्हा चारही चाकांना देता येणारी. आमच्या जोगळेकर डॉक्टर मॅडम तिच्यातून डोंगरातल्या गावांना लशी न्यायच्या. एक दिवस पुढून घरघर यायला लागली. चाचाजींनी गाडी जॅकवर चढवली, मला चाक फिरवायला लावलं आणि म्हणाले, "मॅडमजी, ज़रा अपनी नली देना!"

स्टेथोस्कोप पुढच्या डिफरेन्शियलला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याला लावून त्यांनी तो मॅडमच्याच कानात दिला. मॅडम गंभीर झाल्या. "चाचाजी, मरीज़ तो गया!"

"गया नहीं जी. दाँत टूटे हैं."

तेल काढलं, तर त्याबरोबर खरंच गिअरचे तीन दात बाहेर पडले!

*

नवे गिअर मी मनीमाजऱ्याच्या बाजारातून पोत्यात बांधून बसने आणत होतो. नाक्यावर तपासणीला सगळ्यांना उतरवलं. पोतं जड, म्हणून सीटखालीच ठेवलं. जवान आतून ओरडला, "ये किसका है?"

बॉम्ब समजून क्षणात सगळे प्रवासी पळाले. मीही पळालो! झाडामागे पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. अरे, हे तर आपलंच!

हात वर केला. सगळ्या बंदुका माझ्याकडे वळल्या.

"तेरा है? तो तू ही निकाल. अकेला जा!"

रिकाम्या बसमध्ये चढलो. आत गिअरच आहेत हे पक्कं ठाऊक, बांधले मीच होते. तरी सुतळी सोडताना डोळे मिटले!

*

गिअरचे दात नीट बसतात का, हे बघायला तेलात कालवलेला शेंदूर त्यांना फासतात. मी तेच करत होतो, तेवढ्यात कर्फ्यू लागल्याची हाकाटी झाली. चाचाजींची बस चुकू नये म्हणून ती थांबवायला तसाच फाटकाकडे धावलो.

पहाऱ्यावर नवा जवान. "हाथ ऊपर!"

वर केले. कोपरापर्यंत लाल! तो दोन पावलं मागे सरला. "किसको काटा?"

मागून चाचाजी धापा टाकत आले. "काटा नहीं जी, अभी तो जोड़ रहे हैं!"

*

मग तीन दिवस चाचाजी आलेच नाहीत. त्यांच्या रस्त्यावर एका बसवर गोळीबार झाला होता. मला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी आले, थेट गाडीखाली शिरून गिअर बसवून टाकले. कुठे होते, ते आम्ही विचारलं नाही.

*

ट्रायलला दुपारी आम्ही दोघंच निघालो. गावाबाहेरच्या वळणावर चार जण आडवे आले. अंगात खाकी, हातात बंदुका. चाचाजी पुटपुटले, "जूते देख."

चौघांच्या पायांत कॅनव्हासचे बूट. पोलीस नव्हते, अतिरेकी!

म्होरक्याचा चेहरा कापडाने झाकलेला. "गड्डी चाहीदी ए. चारों पहिये चलदे ने?"

चाचाजी खाली उतरले. "चलदे ने. पर अगले गिअर नवें ने, पिछले पुराने. दंद मिलदे नहीं. चारों लगाओगे तो दो मील में जाम!"

साफ खोटं! पुढचे-मागचे दात आम्ही दोघांनी मोजून जुळवले होते.

म्होरक्या चाचाजींकडे बघत राहिला. मग बंदूक साथीदाराकडे देऊन गाडीखाली सरपटला. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलेलो. बाहेरून आतले दात दिसतात थोडेच! पण तो बराच वेळ खाली होता.

बाहेर येऊन त्याने कपडे झटकले. "बाबा ठीक कहंदा ए. नहीं मिलदे. छड्डो!"

तिघं कडेच्या उसात शिरले. तो मात्र थांबला, वाकला आणि त्याने चाचाजींच्या पायांना हात लावला.

"पैरीं पैना, उस्तादजी."

परतताना मैलभर मी आरशात मागेच बघत होतो. शेवटी विचारलं, "चाचाजी, कौन था?"

चाचाजींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

"तू गड्डी चला. मैनूं गिअर सुनण दे."